योहानाचे टोळ

बाप्तिस्मा करणारा योहान टोळ व रानमध खाऊन राहत असे, हे मत्तय व मार्क दोघेही सांगतात. मधाचे आपल्याला काही वाटत नाही. टोळांपाशी मात्र आपण अडखळतो. शब्बाथशाळेत हा भाग आला की काही शिक्षक घाईने सांगतात, ते टोळ नव्हतेच, एका झाडाच्या शेंगा होत्या. ही समजूत जुनी आहे, पण तिला आधार नाही. शुभवर्तमानातला ग्रीक शब्द जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात लेवीय ११:२२ मध्येही आहे, आणि तेथे नियमशास्त्र टोळ खाण्यास स्पष्ट मोकळीक देते. येमेनमधील यहूदी तर विसाव्या शतकापर्यंत टोळ खात असत. शेंगांची गरज आपल्या किळसेला आहे, योहानाला नव्हती.

अन्न म्हणून पाहिले तर टोळ हलके नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा २०१३ सालचा अहवाल १०० ग्रॅम ताज्या टोळांत १३ ते २८ ग्रॅम प्रथिने सांगतो; कच्च्या गोमांसात ती १९ ते २६ ग्रॅम असतात. युरोपीय संघाने २०२१ साली टोळ अन्न म्हणून विकण्यास परवानगी दिली. अर्थात ज्याला कोळंबी सोसत नाही, त्याला कीटकही बाधू शकतात. आणि २०२० साली राजस्थान, मध्य प्रदेश व विदर्भात आलेल्या धाडीवर झाली तशी औषधफवारणी झाली असेल, तर त्या टोळांना हातही लावू नये.

पुढच्या प्रीतिभोजनात टोळ वाढावेत असे आम्ही सुचवत नाही! रोमकरांस लिहिताना पौलाने खाणारा व न खाणारा, दोघांनाही आवरले आहे. आमचा प्रश्न खाणाऱ्या माणसाविषयी आहे. बस्तरचे आदिवासी लाल मुंग्यांची चटणी करतात. ओडिशातील मयूरभंजच्या अशाच चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरी 'मुंग्या खाणारे लोक' हे शब्द आपल्यातही हसून उच्चारले जातात, आणि ते आम्हाला बोचतात. आपल्या कितीतरी मंडळ्या महारवाड्यांतून व मांगवाड्यांतून उभ्या राहिल्या. मेलेल्या जनावराचे मांस खातात म्हणून गावाने त्या माणसांना दूर ठेवले; ते मांस भुकेने व गावकीच्या रीतीने त्यांच्या पदरी घातले होते, हे कोणी विचारले नाही. आज त्यांची नातवंडे शिकली, ताट बदलले. त्याच घरांतून दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडले जावे ना?

यापो येथे पेत्राला दिसलेल्या चादरीत सरपटणारे जीवही होते. तो भुकेला होता, तरी तीन वेळा सांगूनही त्याने काही खाल्ले नाही. पण कर्नेल्याच्या घरात पाऊल ठेवताच, त्या दृष्टान्तातून आपण काय शिकलो ते त्याने सांगितले: कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणायचे नाही.

म्हणून शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते. मत्तय ३:४ शिकवताना मुले हसली तर हसू द्यावीत. मग त्यांच्याकडूनच लेवीय ११ मधील २१ व २२ ही वचने वाचून घ्यावीत, आणि लगेच १० वे. पर व खवले नसलेले पाण्यातले सारे जीव तेथे इस्राएलास मना आहेत. म्हणजे टोळ चालतात, कोळंबी नाही. गोव्याकडच्या वर्गात हे वाचून झाल्यावर थोडा वेळ हाताशी ठेवावा, प्रश्न पुष्कळ येतील.