अंगणातला तेलाचा डाग

दाराशी उभे असलेले वाहन बाजूला काढल्यावर खाली तेलाचा डाग दिसला, की घरातील प्रत्येकाला आपापले मत सुचते. आमच्या अंगणातील डाग आरंभी रुपयाएवढा होता. पावसाळा सरता सरता तो ताटाएवढा झाला. वाहन म्हणजे जुनी मारुती व्हॅन. १९८४ साली रस्त्यावर आलेल्या, पुढे ‘ओम्नी’ या नावाने घरोघरी पोचलेल्या आणि २०१९ साली उत्पादन थांबलेल्या कुळातली. बालाघाट-गोंदियाच्या वाटेवर तिने किती वऱ्हाडी नेले आणि किती आजारी माणसे आणली, याचा हिशेब आम्ही ठेवला नाही. ती विकावी असे ठरले आणि त्याच सुमारास हा डाग वाढू लागला.

वारासिवनीकडील एक गृहस्थ गाडी पाहावयास येणार होते. आमच्या दादांनी सल्ला दिला, “खालून पुसून घ्या, तेल भरून ठेवा. त्यांनी विचारलं तर सांगू. नाही विचारलं तर आपण होऊन कशाला?” या सल्ल्यात लबाडी आहे असे आम्हांस त्या वेळी वाटले नाही, तो व्यवहार वाटला. परंतु प्रश्न मनातून जाईना. न विचारलेले न सांगणे, हे खोटे बोलणे होय काय?

कायद्याला विचारावे, तर तो दादांच्या बाजूने आहे असे प्रथमदर्शनी दिसते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमात एका सदोष घोड्याचे उदाहरण दिले आहे. दोष ठाऊक असूनही मालक लिलावात गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे. मात्र त्याच कलमात आणखी दोन उदाहरणे आहेत. घेणारी जर मालकाची नुकतीच सज्ञान झालेली कन्या असेल, तर सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, की तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन, तर तेथे मौन हेच बोलणे ठरते. म्हणजे मौनाचा अर्थ नात्यावर आणि प्रसंगावर अवलंबून असतो, हे कायद्यालाही मान्य आहे. आता आमच्या ओसरीवर बसून, चहा घेऊन, “गाडी ठीक आहे ना?” एवढेच विचारणारा माणूस लिलावातील परका की विश्वासाने आलेला? लहान गावात या प्रश्नाचे उत्तर अवघड नाही.

रोमन विचारवंत सिसेरो याने इ. स. पू. ४४ मध्ये आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात हाच वाद मांडला आहे. दोष असलेले घर विकणाऱ्याने ते दोष सांगावेत की नाही? कायद्याला हवे तेवढे सांगितले की पुरे, असे एक पक्ष म्हणतो; घेणाऱ्याला अंधारात ठेवू नये, असे दुसरा. सिसेरोने कौल दुसऱ्या पक्षाला दिला.

तरीही पहिल्या पक्षाला न्याय द्यायला हवा. घेणाऱ्याला डोळे असतात, तो सोबत मिस्त्री आणू शकतो. दारावरचा गंज त्याला दिसतो आहे, तो आम्ही बोटाने दाखवला नाही तर पाप लागत नाही. परंतु डाग पुसणे ही वेगळी गोष्ट आहे. न सांगणे आणि दिसू न देणे यांत फरक आहे. फडके हातात घेतले, की आपण गप्प राहिलेलो नसतो. आपण बोललेलो असतो, आणि खोटे बोललेलो असतो.

म्हणून आम्ही फडक्याऐवजी पाने हाती घेतले. चाकांना दगडांची उटी लावली. गाडी केवळ जॅकच्या भरवशावर न ठेवता भक्कम आधारांवर टेकवली. गिअरबॉक्सचे तेल परातीत काढून डब्यात भरले. ते नालीवाटे वैनगंगेच्या वाटेला लागू नये, एवढी काळजी घेतली. जोडावर खूण करून प्रोपेलर शाफ्ट उतरवला, तेव्हा मागचे ऑइल सील दिसले. धातूच्या कड्यात बसवलेला रबरी ओठ आणि त्याला शाफ्टशी बिलगून ठेवणारी बारीक स्प्रिंग, एवढाच त्याचा संसार. रबर कडक होऊन चिरले होते. नव्या सीलच्या ओठाला तेल लावून, ते लाकडी ठोकळ्याने चहूबाजूंनी सारखे ठोकत बसवले.

पण दोन गोष्टी आणखी आढळल्या. गिअरबॉक्समधील तापलेली हवा बाहेर सोडणारे ब्रीदर चिखलाने बुजले होते. हवा कोंडली, की आतला दाब तेलाला सीलवाटे बाहेर ढकलतो. दोष जेथे झिरपतो तेथेच तो असतो असे नाही. ब्रीदर आम्ही साफ केले. दुसरी गोष्ट मात्र आमच्या हाताबाहेरची होती. जुन्या सीलच्या घासण्याने शाफ्टवर बारीक चरा पडला होता. नवे सील त्यावर किती दिवस टिकेल, हे सांगता येत नाही.

डाग थांबला आणि प्रश्न पुन्हा उभा राहिला. “सील नवीन टाकले आहे” हे वाक्य संपूर्ण खरे होते. चऱ्याविषयी बोललो नाही, तर ते अर्धसत्य ठरणार होते. युधिष्ठिराचा रथ भूमीपासून चार अंगुळे वर चाले आणि एका अर्धसत्यानंतर तो जमिनीला टेकला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आमची व्हॅन कधीच जमिनीच्या वर चालली नव्हती. तरीही आम्ही त्या गृहस्थांना सील, ब्रीदर आणि चरा, तिन्ही सांगितले.

त्यांनी खाली वाकून बॅटरीच्या उजेडात पाहिले, थोडा विचार केला, दोन हजार कमी सांगितले आणि गाडी नेली. दादा आजही म्हणतात, की आपण दोन हजार घालवले. हिशेबाने त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि आम्ही ते कधी खोडले नाही.