राजमुकुट कोणाच्या मस्तकी?

गेल्या महिन्यात शब्बाथ शाळा सुटल्यावर वरच्या वर्गातील एक मुलगा मागे रेंगाळला. "सर, खुनी माणसाला राजा केलं तर ते पाप होतं का?" त्याने विचारले. मी दचकलो. मग उलगडा झाला की प्रश्न संगणकावरील एका खेळातला आहे. हसून सोडून देणार होतो. परंतु त्याचा चेहरा पाहून थांबलो.

वाचकहो, तो खेळ म्हणजे २००९ साली कॅनडातील बायोवेअर कंपनीने काढलेला 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स'. जमिनीखालून उसळणाऱ्या राक्षसी टोळ्यांशी लढण्यासाठी सैन्य हवे म्हणून खेळणारा ओरझमार या खुज्या लोकांच्या भूमिगत नगरीत येतो. राजा एंड्रिन नुकताच वारला आहे, आणि पुढचा राजा कोण यावरून सरदारांच्या सभेत तट पडले आहेत. मुकुट कोणाच्या मस्तकी ठेवायचा, हे शेवटी खेळणाऱ्यालाच ठरवावे लागते.

एका बाजूला हॅरोमॉन्ट. वृद्ध, सभ्य, दिवंगत राजाचा विश्वासू, दिल्या शब्दाला जागणारा. दुसऱ्या बाजूला राजाचा धाकटा मुलगा बेलेन. थोरल्या भावाचा काटा काढून त्याचा आळ मधल्या भावंडावर आणणारा हा कारस्थानी पुरुष.

निवड सोपी वाटते ना? मलाही वाटली. "सज्जनालाच निवडावं," मी म्हणालो. तेव्हा तो मुलगा म्हणाला, "मग ज्यांच्या तोंडावर डाग दिलाय, त्यांना काय सांगू?"

ओरझमारमध्ये जातिव्यवस्था आहे. जन्माने ठरलेला धंदा सोडता येत नाही. जो भूमीवर, आकाशाखाली राहावयास गेला त्याची जात गेली. समुद्र ओलांडला की जात बुडाली, असे मानणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे परके वाटले नसते! आणि सर्वांच्या तळाशी आहेत जातिबाह्य लोक. त्यांच्या चेहऱ्यावर खूण गोंदलेली, प्रामाणिक कामधंदा त्यांना बंद, वस्ती धुळीने भरलेल्या पडक्या घरांत. हॅरोमॉन्ट राजा झाला, तर तो जुनी रीत आणखी घट्ट करतो, आणि जातिबाह्यांनी डोके वर काढले की ते चिरडले जाते. बेलेन राजा झाला, तर पहिल्याच आज्ञेने हॅरोमॉन्टला देहदंड देतो आणि पुढे सरदारांची सभाच मोडून टाकतो. परंतु बाहेरच्या जगाशी व्यापार वाढवतो, आणि जे जातिबाह्य शस्त्र घेऊन लढतील त्यांना हक्क देतो.

आता सांगा, सज्जन कोण?

हॅरोमॉन्टचा सज्जनपणा खोटा नाही. परंतु तो बरोबरीच्या माणसांपुरता आहे. सरदाराला दिलेला शब्द तो प्राणपणाने पाळतो. गोंदलेल्या माणसाला शब्द देण्याची वेळच त्याच्यावर कधी आली नाही. ज्याच्या सद्गुणाची किंमत दुसराच कोणी मुकाट्याने भरतो, त्याचे हात स्वच्छ दिसतात एवढेच.

म्हणून बेलेन बरोबर ठरतो काय? येथे घाई करू नये. बेलेनचे राज्य हिताचे ठरले, हे आपल्याला खेळाच्या अखेरीस पडद्यावर उमटणाऱ्या मजकुरावरून कळते. जीवनात असा मजकूर आधी वाचावयास मिळत नाही. मुकुट देताना आपल्यापुढे असतो तो केवळ भावाचा घात आणि पुढच्या भल्याचे आश्वासन. असे आश्वासन जगात अनेक जुलमी पुरुषांनी दिले आहे. शिवाय जो राजा सभा मोडून हक्क देतो, तो उद्या तेच हक्क काढूनही घेऊ शकतो. त्याला विचारणारे कोणी उरलेले नसते.

पवित्र शास्त्रातील येहूचे उदाहरण येथे आठवते. अहाबाच्या घराण्याने नाबोथाचा द्राक्षमळा आणि प्राण दोन्ही हिरावले होते. त्या घराण्याचा अंत येहूच्या हातून झाला, आणि त्या कार्याबद्दल राजांच्या दुसऱ्या पुस्तकात त्याला शाबासकीही मिळते. परंतु त्याने कपट केले, रक्ताचे पाट वाहवले. आणि होशेयाच्या पहिल्याच अध्यायात इज्रेलच्या त्या रक्ताचा हिशेब मागितला आहे. शास्त्राने दोन्ही गोष्टी नमूद केल्या आहेत. कार्य झाले म्हणून रक्त पुसले गेले नाही.

खेळात आणखी एक उणीव आहे. तेथे जातिबाह्यांनी कोणत्या तरी राजाच्या कृपेचीच वाट पाहावयाची असते. खऱ्या इतिहासात तसे नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांबरोबर हजारो लोक पाणी प्यावयास स्वतः चालत गेले. कोणाचा खून न करता आणि कोणा सज्जनाच्या सवडीची वाट न पाहता त्यांनी आपला हक्क बजावला.

पुढच्या रविवारी मी त्या मुलाला माझे उत्तर सांगितले. "तू बेलेनला निवडलंस, ते त्या गोंदलेल्या लोकांसाठी. तुझी कळकळ खरी आहे. पण त्या निवडीला स्वच्छ म्हणू नकोस. आणि मी हॅरोमॉन्टला निवडलं, त्यालाही स्वच्छ म्हणणार नाही." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हॅरोमॉन्टला आधी अट घालता आली असती तर?"

खेळात तशी सोय नाही. आपल्याला मात्र आहे. मंडळीच्या पंचांची निवडणूक असो की नगरपालिकेची, सभ्य माणूस मत मागावयास आला की त्याच्या सभ्यतेवर भाळून न जाता विचारावे, "दाराबाहेर जे उभे आहेत त्यांचे काय करणार?" आणि धडाडीचा माणूस आला की विचारावे, "तुम्ही चुकलात तर तुम्हाला थांबवणार कोण?" हे दोन प्रश्न वेळेवर विचारले गेले, तर आपल्या मुलांवर खुनी आणि निष्ठुर यांतून एक निवडण्याची पाळी कदाचित येणार नाही.