स्वेच्छा म्हणजे काय?

सरकारी कागदांत काही शब्द असे असतात की त्यांनी कोणाचेच मन दुखू नये. ‘स्वेच्छेने स्थलांतर’ हा त्यांतलाच एक. जोयडा तालुक्यात, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडच्या सुपा तालुक्यात, हा शब्द आता रानातल्या वाड्यावाड्यांवर पोचला आहे. एखादे कुटुंब आपण होऊन रान सोडते, तेव्हा ते खरोखरच आपण होऊन सोडते का, एवढाच प्रश्न मला इथे मांडायचा आहे.

दांडेली अभयारण्य १९५६ साली जाहीर झाले आणि अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ साली. २००७ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ साली त्याला काळी नदीचे नाव मिळाले. रानातला कुणबी मात्र या सगळ्या घोषणांच्या पुष्कळ आधीपासून तिथेच नांदतो आहे. इंग्रजांनी त्याच्या कुमरी शेतीवर बंधने घातली, तेव्हाही तो तिथेच होता.

माणसे वाढली म्हणून रान घटले, असे आपण सहज बोलून जातो. देशात अनेक ठिकाणी ते खरेही असेल. पण २०११ च्या जनगणनेत कर्नाटकात दर चौरस किलोमीटरला ३१९ माणसे होती, आणि जोयड्यात तिसाच्याही आत. इथल्या जमिनीचे रूप पालटले ते मुख्यतः कुणब्याच्या कोयत्याने नव्हे. १०१ मीटर उंचीचे सुपा धरण बांधले गेले आणि रानाबरोबर तालुक्याचे गाव सुपा हेच पाण्याखाली गेले. तिथली कितीतरी कुटुंबे रामनगरला येऊन वसली. काळीची वीज राज्यभर गेली. त्या उजेडात आपली मुले शिकली, हे आपण विसरू नये.

दुसरी बाजूही खरी आहे. वाघाला निवांत रान लागते, आणि ते तुकड्यातुकड्यांनी राखता येत नाही. शिवाय रानातली तरुण पोरे स्वतःच बाहेर पडू पाहतात. कोणी गोव्यात कामाला जातो, कोणाला दवाखाना जवळ हवा असतो. त्यांनी आपल्या कौतुकासाठी नाचणी पेरत तिथेच राहावे, असे म्हणण्याचा अधिकार शहरात बसलेल्या आपल्याला नाही.

मग अडचण कुठे आहे? ती मला एका म्हाताऱ्या कुणब्याने दाखवली. मी त्यांना म्हटले, “बाबा, पैसे देतात, जमीन घेता येईल, मग जात का नाही?” ते म्हणाले, “जातो की, मास्तर. पण आधी वाडीपर्यंत रस्ता करा, दिवा आणा. त्यानंतरही मला जावेसे वाटले, तर ते माझे जाणे. नाहीतर ते तुमचे घालवणे.”

नीतिशास्त्राचा एखादा ग्रंथ याहून वेगळे काय सांगणार? दोन वाटा खुल्या असतील तरच त्यांतली एक निवडली असे म्हणता येते. राखीव रान म्हणून रस्ता अडायचा, वीज अडायची, आणि माणूस कंटाळून निघाला की त्याची सही ‘स्वेच्छा’ म्हणून घ्यायची, याला संमती म्हणत नाहीत.

पैशाचा हिशोबही तपासावा. व्याघ्र प्रकल्पातून उठणाऱ्या कुटुंबाला २००८ पासून दहा लाख रुपये ठरले, २०२१ साली ते पंधरा लाख झाले. त्यात अठरा वर्षांवरचा मुलगा वेगळे कुटुंब धरला जातो. रक्कम वाढते हे खरे. पण एका चुलीवर जेवणारे घर कागदावर चार घरे होते, आणि मग चौघांची इच्छा एक राहीलच असे नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेच्या संमतीला मान दिला, ही मोठी गोष्ट. मात्र जो अनुसूचित जमातीत नाही, त्याने तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करायचा. गोव्यातला कुणबी २००३ साली अनुसूचित जमातीत आला. घाटावरचा त्याचाच सोयरा त्या मागणीसाठी वर्षानुवर्षे निवेदने देत आला आहे. रान तेच, बोली तीच. राज्याची हद्द मध्ये आली म्हणून एकाचा शब्द पुरेसा आणि दुसऱ्याने पणजोबाचा कागद शोधायचा!

सीमाभागातल्या आपल्या घरांना ही गोष्ट लवकर कळायला हवी. १९५६ पासून आपण ‘लोकेच्छा’ हा शब्द जपत आलो. आपल्याला न विचारता ठरवले गेले, हीच आपली तक्रार. मग तो शब्द केवळ आपल्यापुरता कसा ठेवता येईल? रानातली दहा घरे हीसुद्धा लोकच आहेत. वाघ वाचावा असे मलाही मनापासून वाटते. पण त्याची किंमत कोण देणार हे ठरवताना, ज्याने द्यायची त्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय आपण खरोखर ठेवली आहे का? ती ठेवली असेल, तर त्याच्या ‘हो’ला अर्थ आहे.