कुणासाठी धावतेस?

नरकचतुर्दशीच्या पहाटे चार वाजता जळगावातल्या कुठल्याही घरात दिवा दिसला, तरी कुणाला नवल वाटत नाही. त्या दिवशी लवकर उठणाऱ्याचे कौतुक होते आणि लोळत पडणाऱ्याला टोमणे बसतात. पण वर्षातल्या बाकीच्या पहाटा बाईच्या वाट्याला इतक्या सहजासहजी येत नाहीत. ती पाणी भरायला उठली, डबा करायला उठली, तर कुणी काही विचारत नाही. परंतु पायांत बूट घालून ती मेहरूण तलावाच्या दिशेने निघाली, की फाटकाशी कुणी ना कुणी भेटतेच.

"काय हो, इतक्या पहाटे? आणि बाळ?"

गेल्या हिवाळ्यात माझा मुलगा नऊ महिन्यांचा होता. हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला, की त्याचे उत्तरही पाठ होऊन गेले होते. "तब्येतीसाठी हो! बाळंतपणात वजन वाढलंय ना." हे ऐकले की विचारणारीचे समाधान होई. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, सव्वा महिन्याची खोली यांतून ती स्वतःही गेलेली असे. वजनाचे दुःख तिला कळे, आणि आई धडधाकट राहिली तर मुलाचेच भले, हेही तिला पटे. ती हसून म्हणे, "बरं करता हो."

मी मात्र खोटे बोललेली असे.

मी तब्येतीसाठी धावत नव्हते. कॉलेजात असताना मी विद्यापीठाच्या संघातून पाच हजार मीटर धावत असे. त्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. माझ्या वेळी ते नुसते उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होते. पुढे नोकरी, लग्न आणि बाळंतपण झाले. बाळ तीन महिन्यांचे होईपर्यंत धावण्याचे नावही काढायचे नाही, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते आणि ते मी निमूटपणे पाळले. पोटाचे नि ओटीपोटाचे स्नायू जागेवर यायला वेळ लागतो. तिथे घाई उपयोगाची नसते. पाचव्या महिन्यात मी तलावाकाठी दोन मिनिटे धावून दोन मिनिटे चालू लागले, आणि आठव्या महिन्यात माझ्या लक्षात आले, की पुढे चाललेल्या प्रत्येक बाईला मागे टाकल्याशिवाय मला चैन पडत नाही. धुळ्याला दहा किलोमीटरची स्पर्धा होती. मला त्या स्पर्धेत पहिले यायचे होते. खरे कारण एवढेच होते आणि नेमके तेवढेच मला कुणाला सांगता येत नव्हते.

का सांगता येत नव्हते, याचा विचार मी धावता धावता पुष्कळ केला.

आपल्याकडे आईच्या पराक्रमाला मुळीच बंदी नाही. शाळेच्या पुस्तकात हिरकणीची गोष्ट वाचली नाही, असा मराठी माणूस विरळा. कोजागिरीच्या रात्री रायगडाचे दरवाजे बंद झाले, आणि घरी तान्हे मूल असलेली ती गवळण अंधारात कडा उतरून गेली. ही आख्यायिका असेल; पण महाराजांनी तिचे कौतुक केले आणि तिथे बुरूज बांधला, हे ऐकताना आजही ऊर भरून येतो. एस. टी. स्थानकांवर अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी जी खोली असते, तिला 'हिरकणी कक्ष' असेच नाव आहे. झाशीच्या राणीचा पुतळा डोळ्यांसमोर आणा. पाठीशी बांधलेले मूल तिथे असतेच. म्हणजे कडा उतरा, घोडा फेका, तलवार चालवा, सगळे चालेल. फक्त चित्रात मूल दिसले पाहिजे. हिरकणी मुलाकडे धावली. ती गंमत म्हणून, किंवा आपल्याला हा कडा उतरता येतो का हे पाहण्यासाठी उतरली असती, तर तिच्या नावाचा बुरूज झाला असता का?

आपल्या काळातलेही एक उदाहरण आहे. २०१४ साली बारामतीच्या स्पर्धेत साठी उलटलेल्या लताबाई करे नऊवारी लुगडे नेसून अनवाणी धावल्या आणि त्यांच्या गटात पहिल्या आल्या. पती आजारी होते, तपासण्यांना पैसे नव्हते, आणि बक्षिसाची रक्कम हवी होती. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला. 'लता भगवान करे' या त्या चित्रपटात त्यांनी स्वतःच भूमिका केली, आणि सदुसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. तो सन्मान सर्वस्वी योग्यच होता. त्या बाईपुढे मी वाकून नमस्कार करीन. पण मनाला एक शंका चाटून जाते. लताबाईंच्या घरी सगळे ठीक असते, आणि केवळ 'मला धावायला आवडतं, मला जिंकायचं होतं' म्हणून त्या धावल्या असत्या, तर आपण त्यांना डोक्यावर घेतले असते, की 'या वयात हे काय थेर' म्हटले असते?

मला वाटते, आपल्या मनात एक वही असते. बाईने केलेली प्रत्येक गोष्ट त्या वहीत कुणाच्या तरी नावावर मांडावी लागते, नवऱ्याच्या, मुलाच्या नाहीतर घराण्याच्या. मांडायला नाव सापडले नाही, तर ती गोष्ट उधळपट्टीच्या रकान्यात जाते. माझे 'तब्येतीसाठी' हे उत्तर म्हणजे माझे धावणे गुपचूप मुलाच्या नावावर टाकणे होते.

ही वही काही आपल्याच देशात आहे असे नाही. हॉलंडची फॅनी ब्लँकर्स-कोएन १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकला गेली तेव्हा अठरा वर्षांची होती. मग महायुद्धाने दोन ऑलिंपिक गिळली. १९४८ साली लंडनला ती पोहोचली ती तीस वर्षांची, दोन मुलांची आई होऊन. मुलांना सोडून जाते म्हणून तिला लोकांनी रागाची पत्रे लिहिली होती. तिथे तिने शंभर मीटर, ऐंशी मीटर अडथळे, दोनशे मीटर आणि रिले अशी चार सुवर्णपदके जिंकली. वर्तमानपत्रांनी तिला पदवी दिली, 'उडती गृहिणी'! चार सुवर्णपदके मिळवूनही तिचे नाव स्वयंपाकघराच्याच खात्यावर राहिले. आणि ॲमस्टरडॅमच्या शेजाऱ्यांनी प्रेमाने तिला एक सायकल भेट दिली, म्हणजे आता तिला इतके धावावे लागणार नाही!

पण फॅनीच्या चरित्रातली आणखी एक गोष्ट मला या सगळ्याहून मोलाची वाटते. पहिली दोन पदके मिळाल्यावर दोनशे मीटरच्या उपांत्य शर्यतीपूर्वी ती रडू लागली. मुलांची आठवण येत होती, आणि तिला घरी जायचे होते. नवऱ्याने समजूत घातली, मग ती धावली, आणि अंतिम शर्यत तिने सात दशांश सेकंदांनी जिंकली. तेवढ्या अंतरात हे अंतर फार मोठे. म्हणजे मुलांची ओढ आणि जिंकण्याची ओढ या एकाच बाईच्या पोटात, एकाच दुपारी नांदत होत्या. एक खरी आणि दुसरी खोटी, असे नव्हते. आपल्या देशातही शायनी विल्सन आई झाल्यानंतर, १९९५ साली मद्रासच्या दक्षिण आशियाई स्पर्धांत आठशे मीटर दोन मिनिटांच्या आत धावली, आणि पी. टी. उषाने १९९८ साली चौतिसाव्या वर्षी आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पदके मिळवली, तेव्हा तिचा मुलगा शाळेच्या वयाचा होता.

इथवर विचार आला की मला वाटे, झाले, माझी बाजू सिद्ध झाली. पण एका सकाळी या सिद्धतेला तडा गेला.

त्या दिवशी मी ठरवल्यापेक्षा दोन फेऱ्या जास्त घेतल्या. वेळ चांगली येत होती, थांबवत नव्हते. घरी आले तो अंगातला सदरा दुधाने भिजलेला, आणि आत बाळाचा आवाज रडून रडून बसलेला. सासूबाई त्याला खांद्यावर टाकून खोलीत येरझारा घालत होत्या. पाऊण तास त्या चालत होत्या. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांत संधिवात आहे.

"फोन का नाही केलात, आई?" मी विचारले.

"तुझं पळणं चाललं होतं ना," त्या म्हणाल्या. "मधेच कशाला बोलवायचं?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरे झाले असते. बाळाला पाजताना मला एकदम दिसले, की मी इतके दिवस प्रश्नच चुकीचा मांडत होते. आईचा हक्क मोठा की मुलाचा, असा वाद मी मनात घालत होते. पण मुलाची भूक हे काही मत नव्हे, की युक्तिवादाने तिला खोडून काढावे. त्याला कुणीतरी उचलून घ्यायलाच हवे. मग माझी पहाट आली कुठून? ती आकाशातून पडली नव्हती. दुसऱ्या एका बाईच्या गुडघ्यांतून ती मी काढून घेतली होती. आणि त्या पाऊण तासात माझे यजमान पलीकडच्या खोलीत गाढ झोपले होते. त्यांना कुणी उठवले नव्हते. सासूबाईंनी नाही, आणि खरे सांगायचे तर इतके दिवस मीही नाही. तेही कधीकधी तलावावर फिरायला जातात. फाटकाशी त्यांना 'आणि बाळ?' असे आजवर कुणी विचारलेले नाही.

स्वातंत्र्याच्या गोष्टी बोलताना आपण हा हिशेब विसरतो. एका बाईचे पाऊल पुढे पडावे म्हणून दुसरीने जागच्या जागी येरझारा घालायच्या, याला फार तर वाटणीची बदली म्हणता येईल. त्या रात्री मी यजमानांना सगळे सांगितले. अगदी पहिले येण्याचेसुद्धा. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे आधीच सांगायचं. तब्येतीसाठी म्हणालीस, म्हणून मला वाटलं, रोज गेलंच पाहिजे असं काही नाही." मला चटका बसला. माझ्या खोटेपणाने लोकांची तोंडे बंद झाली होती. पण त्याच खोटेपणाने मला मदतीलाही मुकवले होते. जे मागितलेच नाही, ते कोण देणार? दुसऱ्या दिवसापासून पहाटेचे बाळ त्यांच्याकडे आले. पहिला आठवडा दोघांनीही रडून काढला, मग जमले. सासूबाई आता त्या वेळी शेजारणीबरोबर काकड्याला जातात.

धुळ्याला आम्ही आदल्या दिवशी एस. टी.ने गेलो. एरंडोल, पारोळा करीत नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. पारोळ्याचा किल्ला झाशीच्या नेवाळकरांच्या जहागिरीतला. तो मागे पडला तेव्हा पाठीशी मूल बांधलेली राणी मला पुन्हा आठवली, आणि वाटले, तिच्या मनातही क्षणभर का होईना, नुसता भरधाव घोड्याचा आनंद असेलच की! मुक्काम चुलत सासूबाईंकडे होता. रात्री शेवभाजी वाढता वाढता काकींनी त्यांच्या अहिराणीत तोच प्रश्न टाकला, "कसाले पयस व माय तू?"

मी म्हटले, "पहिली येण्यासाठी, काकी."

इतक्या महिन्यांत प्रथमच मी हे परक्या घरात मोठ्याने बोलले. काकींनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि भाजी वाढायला घेतली.

मी पहिली आले नाही. पांझरेच्या पुलापर्यंत पुढे होते. नंतर एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी शेजारून अशी निघून गेली, की जणू मी उभीच होते. मी दुसरी आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, 'बाळाची आई' म्हणून अंमळ जास्तच वाजवल्या. पण मला वाईट वाटले. चांगले दोन दिवस वाटत राहिले. तब्येतीसाठी धावणाऱ्या बाईला दुसरे आल्याचे दुःख होत नाही.

घरी पोहोचताच काकींनी विचारले, "मंग? उनी का पहिली?"

"नाही. दुसरी."

"मंग पुढला साल," त्या म्हणाल्या, आणि बाळाला माझ्या मांडीवर दिले.

आता वर्ष झाले. या प्रश्नाचे उत्तर मला पुरते सापडले आहे, असे मी म्हणणार नाही. मूल जगात येताना आपली परवानगी घेऊन येत नाही. त्याचे देणे प्रथम. जिंकण्याच्या हौसेपायी त्याचे रडणे ऐकू न येऊ लागले, तर ती हौस वाईटच. पण दुसरीही एक गोष्ट मी पाहत आले आहे. 'तुझ्यासाठी मी सगळं सोडलं' हे वाक्य आपल्या किती घरांत ऐकू येते! ते बोलणारी आई खरेच बोलत असते, आणि ऐकणारे मूल जन्मभराचे ऋणको होऊन बसते. त्याने न मागितलेले कर्ज त्याच्या नावावर चढलेले असते, आणि सुनेपासून नोकरीपर्यंत प्रत्येक गोष्टीत त्याची वसुली होत राहते. माझ्या मुलासाठी मी पुष्कळ काही करीन, आनंदाने करीन. पण ते वहीत मांडून ठेवणार नाही. आणि जे मी माझ्यासाठी करते, तेही त्याच्या नावावर टाकणार नाही. एवढे तरी त्याचे देणे मी लागते, असे मला वाटते.

परवा फाटकाशी शेजारणीने पुन्हा विचारले, "इतक्या पहाटे? आणि बाळ?"

"बाळ त्याच्या बाबांजवळ आहे," मी म्हटले. "आणि धुळ्याची स्पर्धा जवळ आली आहे. यंदा पहिलं यायचंय."

ती जरा चमकली. मग फाटकाची कडी लावता लावता म्हणाली, "अहो, मीसुद्धा शाळेत खो-खोत होते. कुणाला हाती लागायची नाही मी!" पंचवीस वर्षे आम्ही एकमेकींच्या शेजारी राहतो असे नाही, पण चार वर्षे राहतो, हे तिने मला कधीच सांगितले नव्हते. मीही कधी विचारले नव्हते.