दाराकडची कड

स्पोर्ट्स कारची सीट सगळीकडून सारखी झिजत नाही. आधी जाते ती ड्रायव्हरच्या दाराकडची उंच कड. गाडी बुटकी, आत बसणारा आधी मांडी टेकतो, मग खाली घसरतो. उतरताना तीच मांडी त्याच कडेवरून वर ओढली जाते. स्टिअरिंग उजवीकडे असेल तर उजवी कड, अमेरिकेतली गाडी असेल तर डावी. कापड गुळगुळीत होतं, मग विटतं, मग शिवण उसवते आणि एक दिवस फोम डोकावतो.

इतकी खरी नोंद गाडीच्या कागदपत्रांतही सापडत नाही. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, झिजलेली कड मागे फिरवता येत नाही.

शेजारची सीटही बोलते. दोनच सीटांच्या गाडीत दुसरी कोरी राहिली असेल, तर मालकाने किती रस्ते एकट्याने पार केले हे विचारावं लागत नाही.

माझ्या डोळ्यांपुढे आहे ती माझदाची एमएक्स-५, पहिल्या पिढीची. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती प्रथम दिसली. हिरोशिमातल्या माझदाच्या माणसांनी तिच्यासाठी एक जुनी जपानी कल्पना पुढे ठेवली होती : जिन्बा इत्ताई, म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव. स्वाराला घोडा लगामातून कळतो, त्याहून जास्त मांडीतून कळतो. ही गाडीही बैठकीतून कळते. मागचं चाक निसटू लागलं की हातांच्या आधी कंबरेला खबर लागते.

म्हणजे सीट हा यंत्राचाच भाग. ती नवी करायची की नाही, याचा विचार मी इथून सुरू करतो.

वळणावर शरीर बाहेर फेकलं जातं. कडेतला फोम शाबूत असेल तर सीट माणसाला धरून ठेवते आणि हात फक्त गाडी वळवतात. फोम बसला की माणूस स्टिअरिंगचाच आधार घेतो. मग हातांना रस्ता कळेनासा होतो. मालक म्हणतो, गाडी थकली. थकलेला असतो बोटभर फोम.

म्हणून फाटलेल्या कापडाकडे बघण्याआधी सीटखाली बघावं. गालिच्यावर पिवळसर भुगा सांडला असेल, तर निर्णय झालेलाच आहे. तो भुगा म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम. हवा, ऊब आणि दमटपणा यांनी तो वर्षानुवर्षं आतल्या आत सुटत जातो, वरचं कव्हर धडधाकट असलं तरी. हाताने सीट दाबून सोडावी. वर यायला तिने वेळ लावला, किंवा खालची लोखंडी चौकट तळव्याला लागली, तर तिचं काम संपलं.

कव्हर फाटलंय, फोम चांगला आहे : थांबा. कव्हर चांगलं आहे, फोमचा भुगा झालाय : थांबू नका. बहुतेक जण नेमकं उलट करतात. फाटकं चारचौघांना दिसतं, बसका फोम फक्त बसणाऱ्याला कळतो.

दुरुस्तीला गरज हे कारण पुरेसं आहे. लाज हे कारणच नाही.

आपल्याकडे नवी गाडी शोरूममधून निघते ती अनेकदा थेट सीटकव्हरच्या दुकानात. कारखान्याने दिलेलं कापड मालकाच्या अंगाला लागतच नाही. गाडी विकली जाते तेव्हा ते कोरं असतं आणि सुख पुढच्याच्या वाट्याला जातं. ही जपणूक मला कधी पटली नाही. वापरायला भ्यालेली वस्तू जपलेली नसते, ती फक्त लांबणीवर टाकलेली असते.

पण झीज मिरवणं हीसुद्धा हौसच. उसवलेली शिवण मुद्दाम तशीच ठेवून तिच्याकडे पाहुण्यांचं लक्ष वेधणारा आणि दर दोन वर्षांनी सगळं नवं करणारा, दोघेही सीटकडे बघतात. बसत दोघेही नाहीत.

काही सीटांवर मालकाइतकाच इतिहासाचाही हक्क असतो. १९६१ साली जिनिव्हात आलेली जग्वारची ई-टाइप घ्या. जग्वारला चामडं पुरवणारी कॉनोली ही लंडनची पेढी १८७८ पासूनची. तिचा कातडी कमावण्याचा कारभार २००२ साली बंद झाला. त्या वेळचं चामडं एकदा उतरवलं की पुन्हा चढेल ती नक्कल. आणि चामड्याच्या भेगा पुष्कळदा वरच्या रंगाच्या थरातच असतात. खालचं कातडं तेल मागत असतं, निवृत्ती नव्हे. पुरातन वास्तूंसाठी १९६४ साली व्हेनिसमध्ये सनद झाली. तिचं सांगणं असं की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धाराने थांबावं. जुन्या मोटारींनाही ते लागू आहे.

तरी 'मूळ' या गोष्टीपुढे किती वाकायचं? १९६४ सालीच ४.२ लिटरचं इंजिन आलं, तेव्हा जग्वारने स्वतःच ई-टाइपची सीट बदलली. पहिल्या सीटवर लांबच्या प्रवासात अंग अवघडत असे. कारखान्याने सुधारलेली चूक मालकाने भक्तिभावाने सोसावी, असं मला वाटत नाही.

एमएक्स-५ला इतिहासाचं एवढं ओझं नाही. तिच्या सगळ्या पिढ्या मिळून दहा लाखावी गाडी २०१६ मध्ये बाहेर पडली. तुमची गाडी जपायला कुठलंही संग्रहालय ताटकळलेलं नाही. मात्र दहा लाखांतली तुमची कोणती, हे सांगणाऱ्या खुणा थोड्याच असतात आणि त्यांतली एक दाराकडच्या कडेवर आहे.

एक जागा अशी, जिथे आठवणींना मत नाही. अलीकडच्या अनेक गाड्यांत सीटच्या कुशीतच एअरबॅग असते आणि तिथली शिवण ठरावीक दोऱ्याने घातलेली असते, वेळ आली की फाटावी म्हणून. तिथे मजबूत दोरा घालणारा कारागीर कितीही सफाईदार असो, त्याच्याकडे गाडी देऊ नये. सीटवर वरून कव्हर चढवून ती शिवण झाकूही नये.

जुन्या एमएक्स-५चं काम सोपं आहे. कव्हर छोट्या लोखंडी कड्यांनी आतून आवळलेलं असतं. कुशनवाला कड्या कापतो, कव्हर सोलून काढतो, शिवणी उसवतो आणि सुट्या झालेल्या तुकड्यांवरून नवे बेततो. म्हणजे सगळं किंवा काहीच नाही, अशी सक्ती नसते. त्याला मी एवढंच सांगेन : फोम नवा, दाराकडच्या कडेचा तुकडा नवा, बाकीचं कापड आहे तेच पुन्हा चढवायचं. उन्हाने विटलेल्या कापडाशी नव्याचा रंग जुळणार नाही. जुळवायच्या नादात शेजारचे तुकडे बदलू नयेत. एकाचे चार होतात आणि चाराची अख्खी सीट. आणि उसवलेला तुकडा फेकायचा नाही, त्यावर तारीख घालून ठेवायचा. पुढच्या वेळी बेतायला तोच लागेल.