शेजारचा गात नसेल तेव्हा

आजचं वचन : इफिसकरांस पत्र ५:१९



प्रभूसाठी मनापासून गा, असं पौल इथे सांगतो. हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच वाक्यात, त्याआधी, तो म्हणतो की स्तोत्रांनी आणि गीतांनी एकमेकांशी बोला. म्हणजे उपासनेतलं गाणं देवाकडे जातं, तसंच शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडेही जातं. हा भाग आपण पटकन वाचून पुढे सरकतो.

गेल्या शनिवारी पुण्यात एका लाइव्ह वर्शिप कॉन्सर्टला मी मित्राला घेऊन गेलो. चार महिन्यांपूर्वी त्याची आई गेली. तेव्हापासून तो चर्चला आलेला नाही. "येतो, पण मला गायला लावू नकोस," एवढीच त्याची अट होती.

ड्रम्स, लाइट्स, स्क्रीनवर शब्द, सगळं सभागृह हात वर करून गातंय, आणि हा खिशात हात घालून उभा. मी त्याच्या शेजारी गात राहिलो. मग बँडने सगळी वाद्यं थांबवून नुसत्या पेटी-तबल्यावर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं एक भजन घेतलं. काकू मूळच्या नगरच्या, टिळकांच्या कर्मभूमीतल्या. घरच्या प्रार्थनेत हे भजन त्यांचं ठरलेलं. मित्र खुर्चीत बसला आणि रडला. आजूबाजूचे गातच राहिले. कुणी त्याला उठवलं नाही, कुणी समजावलं नाही.

बाहेर चहा घेताना तो म्हणाला, "मला एक ओळही म्हणता आली नाही रे. पण तुम्ही म्हणत होतात ते ऐकू येत होतं." थोड्या वेळाने म्हणाला, "रविवारी जाताना मला घ्यायला ये."

घरी येऊन मी स्तोत्र ८८ उघडलं. बहुतेक विलापाच्या स्तोत्रांत शेवटी आशेचा एखादा तरी किरण येतो. हे मात्र अंधारातच संपतं. तरी त्याच्या मथळ्यात लिहिलंय की हे मुख्य गवयासाठी आहे. म्हणजे एका माणसाचं इतकं खोल दुःख सगळ्या मंडळीने मिळून गायचं होतं. त्याला एकट्याला ते पेलणार नव्हतं. आणि आपला प्रभू? मार्क १४:२६ पाहा. पकडून नेण्याच्या रात्री, जेवणानंतर, तो शिष्यांबरोबर स्तोत्र गायला आणि मगच जैतुनांच्या डोंगराकडे निघाला. गेथशेमाने समोर असताना तो एकटा गायला नाही, मित्रांबरोबर गायला.

माझ्यातल्या इंजिनिअरला अशा ठिकाणी साउंड सिस्टिम बघितल्याशिवाय राहवत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. त्यामुळे स्टेजपासून ३४ मीटर मागे उभ्या असलेल्या माणसाला तो सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. म्हणून मोठ्या जागेत मागे लावलेल्या स्पीकरना मुद्दाम तेवढा उशीर देतात, नाहीतर मागच्यांना सगळं दुहेरी ऐकू येतं. शोकात असलेला माणूस असाच मागे उभा असतो. आनंदाचं गाणं त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचतं. त्याच्यावर आवाज चढवून उपयोग नाही. त्याच्या अंतराचा हिशेब आपण ठेवायचा आणि गात राहायचं.

प्रियांनो, येत्या रविवारी उपासनेत तुमच्या शेजारी कोणी गप्प उभा असेल, तर "याचा विश्वास थंड झालाय" असं ठरवू नका. कदाचित तो तुमच्या आवाजावर टेकून उभा असेल. आणि गप्प उभे तुम्ही असाल, तर लाजू नका. आज मंडळी तुमच्यासाठी गाईल. उद्या तुम्ही कुणासाठी तरी गाल.

प्रार्थना : प्रभू येशू, ज्यांचा आवाज दुःखाने बसलाय त्यांच्या शेजारी आम्हाला उभं कर. आमचं गाणं तुझ्यापर्यंत येऊ दे आणि त्यांच्यापर्यंतही पोहोचू दे. आमेन.