वासाचा ताळेबंद

माणूस दुसऱ्याचे दोष नाकाने शोधतो आणि स्वतःचे दोष उदबत्तीने झाकतो. निम्मे नीतिशास्त्र एवढ्यात आटोपते. उरलेले निम्मे शिकायचे असेल, तर नारळी पौर्णिमेच्या आधी कोकणातल्या एखाद्या बंदरावर जावे. पावसाळाभर ओढून ठेवलेल्या बोटींना रंग चढत असतो. बाहेरून पाहावे तर नवरी नटलेली, आणि आत डोकवावे तर गेल्या हंगामातले बांगडे, सुरमई, कोळंबी अशी सगळी वऱ्हाडी मंडळी हजर!

अशीच एक बोट पाहायला मी साहेबांबरोबर गेलो होतो. बोटीवर आमच्या शाखेचे कर्ज होते. साहेबांनी नाकाला रुमाल लावून विचारले, "इथं फिनेल-बिनेल टाकत नाही का तुम्ही?"

म्हातारा तांडेल म्हणाला, "टाकतो की! पण सायब, वास जायला पाहिजे, का कळायचा थांबायला पाहिजे?"

बी. कॉम.च्या पेपरात हा प्रश्न कधी आला नव्हता. वर्षअखेरीला ताळेबंद गोरागोमटा दिसावा म्हणून जे करतात, त्याला आम्ही 'विंडो ड्रेसिंग' म्हणतो. फिनेल हे बोटीचे विंडो ड्रेसिंग. खऱ्या हिशेबात आधी खाते कुठले ते शोधावे लागते. तळात साचलेले पाणी उपसायचे, फळ्यांच्या फटींतले खवले खरवडायचे, साबणाने घासायचे, झाकणे उघडून ऊन-वारा खेळू द्यायचा. मग पाण्यात थोडे व्हिनेगर घालून पुसायचे. मासळीच्या वासातला मुख्य पदार्थ अल्कधर्मी असतो. आम्ल लागले की त्याचा क्षार होतो, आणि क्षाराला पंख नसतात. माशावर लिंबू पिळणाऱ्या गृहिणीला हे रसायनशास्त्र येतेच, फक्त पदवी नसते. मात्र उत्साहाच्या भरात व्हिनेगरात ब्लिचिंग पावडर मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि वासाबरोबर साफ करणाराही जायचा!

याहून मोठी भीती पुढेच आहे. बंद खणात मासळी कुजली की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. 'गेला बुवा वास' असे वाटते तो क्षण जिवावरचा. वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच कोसळतो. म्हणून असा खण आधी पुष्कळ वेळ उघडा ठेवावा, एकट्याने उतरू नये, आणि आत कोणी पडलाच तर मागोमाग उडी न मारता मदत बोलवावी.

म्हणजे वास येतो आहे तोवर आशा आहे, वाचकहो! आपल्या घराचा, कचेरीचा, स्वभावाचा वास आपल्याला काही दिवसांनी येईनासा होतो. याला आपण 'रुळणे' म्हणतो आणि त्यावर बढतीही मिळवतो. बँकेत म्हणूनच ऑडिटर बाहेरून आणतात. तो आमच्याहून हुशार असतो असे नाही. त्याचे नाक ताजे असते. घरोघरी हे काम सासूबाई विनावेतन करतात.

तेव्हा आपल्याकडे पाहून कोणी नाक मुरडले, तर लगेच रागावू नये. आधी झाकण उघडावे, तळातले पाणी उपसावे. रागवायची संधी काय, कर्जाच्या हप्त्यासारखी दरमहा येतेच.